विटेचा तुकडा

बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्यांपेक्षा खोळंबणाऱ्यांची संख्या नेहमीच अधिक असते. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग येथून जातो. अमरावती शहर मात्र त्या मार्गापासून थोडे अलग पडलेले. त्यामुळे ज्याची गाडी थेट तेथवर जात नाही त्याला येथे एक तर गाडी बदलावी लागते, नाही तर रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागते. आमचे बिऱ्हाड बडनेऱ्यास जुन्या वस्तीत आणि अध्यापनाची नोकरी अमरावतीस. तेव्हा आयुष्यातील कितीतरी तास आम्ही या फलाटावर घालविले आहेत. वाट पाहणाऱ्या माणसास दुसरा उद्योग नसल्यामुळे तो इतरांस न्याहाळीत बसतो, आणि न्याहाळता न्याहाळता त्यांच्याविषयी मनाशी निकालही देऊन टाकतो. अशाच एका निकालाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगण्यास आम्हांस वीसेक वर्षे लागली.

वैशाखातील दुपार होती. उत्तरपत्रिकांचा जाडजूड गठ्ठा काखोटीस मारून आम्ही अकोल्यास एका सहपरीक्षकाकडे निघालो होतो. गाडीस अवकाश होता. फलाटाच्या टोकाला, जेथे छपराची सावली संपते तेथे, नऊदहा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून विटेच्या तुकड्याने फरशीवर काही रेखाटीत होता. आम्ही सहज जवळ गेलो. त्याने तितर काढला होता. चित्र म्हणावे तर दहाबारा रेघांपलीकडे त्यात काही नव्हते. परंतु मान मागे वळलेली, एक पाय उचललेला, आणि दुसरा टाकावा की न टाकावा या संशयात सारे अंग ताठ झालेले. ज्याने तितर फासापाशी येताना पुष्कळ वेळा पाहिला आहे त्याच्याच हातून अशा रेघा उतराव्यात. आम्हांस मोठे कौतुक वाटले. पोरास काही द्यावे म्हणून आम्ही खिशात हात घातला, तो पाकीट नाही!

“पाकीट!” एवढा एकच शब्द आमच्या तोंडून बाहेर पडला, आणि आमचे बोट कोणाकडे वळले आहे हे आम्हांस उमगण्यापूर्वीच ते भोवतालच्या लोकांस उमगले. “पारध्याचं पोट्टं हाये हे, मास्तर. सोडू नका त्याले!” असे कोणीसे म्हणाले. पाहता पाहता आठदहा भले गृहस्थ जमा झाले. कोणी त्याची मान धरली, कोणी सदरा उलटा केला. नाव विचारले; त्याने सांगितले नाही. वस्ती कोणती ते विचारले. तेही सांगितले नाही. “म्या नाई घेतलं,” एवढे तो एकदा म्हणाला आणि मग त्याने ओठ मिटून घेतले. थपडा बसल्या. तो रडला नाही. आणि त्याच्या न रडण्यानेच त्याच्यावरील आरोप शाबीत झाला, असे साऱ्यांच्या मुद्रांवर दिसू लागले. शेवटी त्याची घट्ट आवळलेली मूठ एकाने बळेच उघडली. तीत विटेचा तुकडा होता.

“दिलं असन साथीदारापाशी,” असा खुलासा लगेच झाला. इतक्यात गाडी आली आणि ते भले गृहस्थ आपापल्या डब्यांत चढले. आम्हीही चढलो. मुलगा फलाटावरून खाली उतरला आणि रूळ ओलांडून मालधक्क्याच्या बाजूस चालू लागला. पळाला नाही, चालत गेला. खिडकीतून पाहिले तर तितराचे चित्र पायांखाली फिसकटून गेले होते.

अकोल्यास गठ्ठा सोडला तेव्हा पाकीट उत्तरपत्रिकांच्या मध्येच निघाले. सकाळी गठ्ठा बांधताना ते आम्हीच तेथे ठेवले होते. एकशे चाळीस रुपये होते. ते तसेच होते. त्यानंतर आम्ही काय केले, असे कोणी विचारील तर काहीच केले नाही, हे त्याचे खरे उत्तर होय. परतताना फलाटावर तो दिसतो का म्हणून पाहिले, दिसला नाही, आणि न दिसल्याचे थोडे बरेच वाटले. आमच्या घरीही हा प्रसंग आज प्रथम छापील अक्षरांतूनच कळेल.

यातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट तर पुढेच आहे. त्याच सत्रात आम्ही महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळापुढे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनावर तासभर व्याख्यान दिले होते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकास 1988 सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरीखेरीज दुसरा उदरनिर्वाहच ज्या जमातीस ठेवला गेला नाही, तीत जन्मास आलेला एक मुलगा त्या टोळ्यांच्या जगातून बाहेर पडून लेखक कसा झाला, हे आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या रसाळपणे समजावून दिले होते. विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले असावेत. आणि तेच डोळे बडनेऱ्याच्या फलाटावर त्या पोराकडे वळले, तेव्हा पुस्तक कोठे होते? तेव्हापासून ते पुस्तक आम्ही पुन्हा पुन्हा वाचीत आलो आहोत, आणि दर वेळी ते आम्हांस अधिकाधिक निराळे वाटत गेले आहे.

टोळी या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर डोंगरातील गुहा, मशाली आणि मिशाळ नाईक उभे राहतात. ‘उचल्या’तील टोळी अशी नाही. लातूरजवळच्या धनेगावातील अर्धपोटी माणसांची ती जूट आहे. बाजार, यात्रा, मोटारींचे अड्डे ही तिची शेते, आणि ब्लेडचा तुकडा हा तिचा नांगर. या शेतीत कोणी काय करावयाचे, कोणाचा वाटा किती, पकडले गेल्यास मागे राहिलेल्या बायकामुलांस कोणी पोसावयाचे, याचे ठरीव कायदे असतात. चोरीच्या एकेका प्रकाराला त्यांच्या बोलीत स्वतंत्र नाव आहे, आणि ती नावे गायकवाडांनी उघड करून सांगितली आहेत. परंतु या विद्येतला पहिला पाठ खिसा कापण्याचा नाही. तो मार खाण्याचा आहे. पोरांना घरच्यांनीच मारावयाचे, सोसावयास शिकवावयाचे. हेतू हा की, उद्या चौकीत कितीही मार बसला तरी त्यांनी साथीदाराचे नाव सांगू नये. हा भाग दुसऱ्यांदा वाचताना आम्हांस ती मिटलेल्या ओठांची मुद्रा आठवली. त्या मुलास असा पाठ कोणी दिला होता की नाही हे आम्ही कसे सांगणार? चोरीचा पाठ नसला, तरी नाव विचारणाऱ्या भल्या माणसांपुढे गप्प राहावे एवढा पाठ त्याला जगाने खचित दिला होता.

हा पाठ कोठून आला ते पाहू जाता आपण इंग्रजी राज्यापाशी येऊन ठेपतो. 1871 साली सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरणाऱ्या जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 साली त्याची व्याप्ती साऱ्या देशावर गेली आणि 1924 साली त्याचे एकत्रीकरण झाले. जमातीचे नाव सरकारी यादीत चढले की तीतील माणसांनी नोंद करावयाची, हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. आणि कित्येकांना कुंपण घातलेल्या वसाहतींत कोंडून ठेवण्यात येई. सोलापूरची अशी वसाहत महाराष्ट्रात पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. देश 1947 साली स्वतंत्र झाला. हा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 रोजी उठला, आणि म्हणूनच या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायद्याचा कागद उठला. लोकांच्या मनातील यादी तशीच राहिली. आमच्या वऱ्हाडातील फासेपाऱ्ध्यांचेच पाहा ना. फास लावून तितर, लावे, हरणे धरणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. जंगलांवर सरकारी हुकमत आली तशी त्यांच्या पायांखालची जमीन आक्रसत गेली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हाच गुन्हा ठरला. तो कायदा वनांच्या दृष्टीने आवश्यक होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्या हातातला फास काढून घेतला त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न तेव्हा कोणाच्याही मनात फारसा आलेला दिसत नाही.

आपल्या समाजात या विषयावरील पहिला दृष्टांत म्हणजे वाल्याचा वाल्मीकी. ही कथा वाल्मीकिरामायणात नाही. ती अध्यात्मरामायणासारख्या मागाहूनच्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून आपल्या घरांत आली. पापाचा वाटा घेण्यास बायकामुलांनी नकार दिला, वाल्याने नाम घेतले, अंगावर वारूळ चढले आणि त्यातून ऋषी निघाला, इतके प्रत्येक आजी नातवास सांगते. वारूळ आणि काव्य यांच्यामध्ये मात्र आणखी एक प्रसंग आहे, आणि तो मूळ रामायणातलाच आहे. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतील एकास निषादाने बाण मारला. त्या दुःखाने कळवळून ऋषीच्या मुखातून जे शब्द निघाले, तो पहिला श्लोक. दुसऱ्याचे दुःख आपले झाले तेव्हा काव्य जन्मास आले, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि ते खरेच आहे. पण तो श्लोक म्हणजे निषादाला दिलेला शाप आहे, हेही खरे. पक्ष्यासाठी कवीचे हृदय द्रवले. पारध्याच्या झोपडीत त्या रात्री काय शिजावयाचे होते, हे विचारण्याचे त्या क्षणी त्याला सुचले नाही. दोन्ही कथा एकत्र घेणाऱ्या परंपरेने तर हे अधिकच विचारात घ्यावे. कारण तिच्या मते शाप देणारा स्वतःच एके काळी वाटेवर बसून माणसे मारीत होता. आदिकवीस दोष देण्याइतके आम्ही उद्धट नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, निषादाच्या बाजूचा श्लोक लिहिला जावयाचा राहिला होता. तो लिहावयास निषादाच्याच वंशातील कोणी लेखणी धरावी लागली. गायकवाडांच्या पुस्तकाचे मोल आम्हांस या जागी दिसते.

आमचा पोटापाण्याचा उद्योग इंग्रजी शिकविण्याचा असल्यामुळे युरोपातील एक उदाहरण साहजिकच मनात येते. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा व्हियाँ या नावाचा कवी 1431 साली जन्मला. पॅरिस विद्यापीठाचा हा पदवीधर. 1455 साली त्याच्या हातून मारामारीत एका धर्मोपदेशकाचा जीव गेला, आणि पुढील वर्षी नाताळाच्या सुमारास साथीदारांसह त्याने एका महाविद्यालयाची तिजोरी फोडली. 1463 साली त्याची फाशी रद्द होऊन त्याला पॅरिसमधून हद्दपार करण्यात आले. तेथून पुढे त्याचा मागमूस नाही. त्याच्या कविता मात्र आजही फ्रेंच भाषेची ठेव समजल्या जातात, आणि त्यांपैकी काही तर चोरांच्या गुप्त बोलीत आहेत. पण व्हियाँ आणि गायकवाड यांत एक मोठा भेद आहे. व्हियाँपुढे विद्यापीठाचे दार उघडे होते. तो आत जाऊन पुन्हा बाहेर पडला. गायकवाडांना वडिलांनी शाळेत घातले, तेव्हा वस्तीतील मुलांस हगवण-वांतीचा आजार झाला आणि तो या पोराच्या शाळेत जाण्यानेच झाला, अशी ओरड जातभाईंनी केली. म्हणजे बाहेरचे जग आत घेत नाही, आणि आतले जग बाहेर सोडीत नाही. अशा चिमटीतून निघालेल्या माणसाने पुढे लातुरास सूतगिरणीत मजुरी केली, कामगारांच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत उडी घेतली, आणि मग पुस्तक लिहिले. टोळी सोडून तो थेट सरस्वतीच्या मंदिरात गेला नाही. मध्ये चातीचा खडखडाट आणि उपासमार होती. ‘वाल्याचा वाल्मीकी’ म्हणताना मधले हे सारे आपण वगळून टाकतो, कारण ते वगळले म्हणजे आपल्यावर काही जबाबदारी राहत नाही.

येथे कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील की, कलेने पोट भरते काय? उपाशी माणसास आधी भाकर द्यावी, मग लेखणी. हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. अहमदाबादेजवळच्या छारानगरातील हकीकत त्याचे उत्तर देईल. छारा हीदेखील त्याच यादीतील एक जमात. आपल्याकडील कंजारभाटांची नातेवाईक. 1998 सालच्या फेब्रुवारीत बंगालातील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाच्या विमुक्त तरुणाचा पोलिसांच्या कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि, मूळचे आपल्या भोरचे, गणेश देवी हे छारानगरात गेले. तेथे वाचनालय निघाले. आणि 31 ऑगस्ट रोजी तेथील तरुणांनी ‘बुधन’ नावाचे नाटक करून दाखविले. त्यातून उभी राहिलेली बुधन थिएटर ही संस्था तेव्हापासून नाटके करीत आली आहे. त्या तरुणांना भाकरीची गरज नव्हती असे नाही. परंतु नोकरी मागावयास गेले की पत्ता पाहून जेथे दार लागते, तेथे भाकरीच्या आधी आपण कोण आहो हे सांगण्याची सोय लागते. बुधन कोठडीत बोलू शकला नाही; ज्यांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते अशा मुलांनी त्याच्या वतीने चारचौघांत तोंड उघडले. चोराच्या मुलास पहिला धडा न बोलण्याचा मिळतो हे ध्यानात घेतले, म्हणजे नाटक, चित्र, पुस्तक यांस या मंडळींच्या आयुष्यात केवढे महत्त्व आहे ते कळते. आपल्यास तो फावल्या वेळाचा विरंगुळा असेल. त्यांच्यासाठी तो टोळीचा पहिला कायदा मोडणे आहे. साथीदाराचे नाव सांगणे निराळे आणि आपले नाव सांगणे निराळे. चौकीत पहिल्याची मागणी होते. दुसऱ्याची मागणी कोणीच केलेली नसते.

फार दूर कशास जावे? बडनेऱ्याहून यवतमाळच्या वाटेने निघाले की नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. त्या तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातीलच शिक्षकाने, हातची नोकरी सोडून, स्टेशनांवर आणि चौकांत भीक मागणाऱ्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. शाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. शाळांस देवादिकांची आणि पुढाऱ्यांची नावे देण्याची आपली रीत. हे नाव पाटीवर लिहून त्यांनी आपणा सर्वांना एक प्रश्न विचारला आहे. पुढे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेच्या काही वास्तू आल्या आणि 2019 साली त्या पाडल्या गेल्या, हे अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. आम्हीही वाचले, आणि चहाचा पेला खाली ठेवून पान उलटले. त्या शाळेची बातमी पहिल्याने कानी आली तेव्हा मात्र एक विचार मनात येऊन गेला होता, तो येथे नमूद करतो. फलाटावरचा तो मुलगा आता अशा शाळेच्या वयाचा राहिला नव्हता. ती निघाली तोवर तो बाप्या झाला असेल. त्याच्या हातात पुढे कोणी खडू दिला की नाही, कोण जाणे. त्याच्या मुठीतून विटेचा तुकडा काढून घेण्यात मात्र आमचा हात होता.

जाता जाता आणखी एक कबुली. हा लेख आम्ही ‘आम्ही’ या सर्वनामाने लिहिला आहे. मासिकांतून लिहिणाऱ्या आम्हां प्राध्यापकांची ही जुनी खोड. ‘मी’ म्हणणे अप्रशस्त वाटते. गायकवाडांच्या पुस्तकात बोलतो तो ‘मी’ आहे. ज्यांना सरकारने, पोलिसांनी आणि गावाने पिढ्यान्‌पिढ्या जमातीच्या नावानेच ओळखले, त्यांच्यापैकी एकाने ‘मी’ म्हणावे, आणि मी काय केले, काय सोसले, कशाची मला लाज वाटते, हे आपल्या नावानिशी छापावे, यास किती छाती लागत असेल? टोळी सोडणे ते हेच. उलट त्या दुपारी फलाटावर आम्ही आठदहा जण होतो. कोणाचे नाव कोणी विचारले नाही. प्रत्येकाने एकेक थप्पड मारली आणि गाडी येताच पांगलो. टोळीची याहून नेमकी व्याख्या आम्हांस तरी करता येणार नाही. त्या मुलाने साथीदारांची नावे सांगितली नाहीत, कारण त्याला साथीदारच नव्हते. साथीदार आम्हांस होते; आणि त्यांची नावे आम्हीही आजवर सांगितली नाहीत.

स्टेशनावर अजूनही जाणे होते. फलाटाची फरशी मध्यंतरी बदलली. नवी गुळगुळीत आहे, विटेची रेघ तिच्यावर उमटेल असे वाटत नाही. तरी छपराची सावली संपते त्या टोकाशी गेलो की पाय आपोआप थबकतो आणि आम्ही तेवढी जागा वळसा घालून जातो. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारले, “मास्तर, तिकडून का? इकडे सरळ वाट आहे की.” आम्ही म्हटले, “तेथे एक चित्र आहे.” त्यांनी खाली पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि वयाचा विचार करून ते काही बोलले नाहीत.